प्रच्छन्न शस्त्रवहन

प्रच्छन्न शस्त्रवहन : पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांसारखे आखूड नळीचे अग्निशस्त्र कपड्यांखाली, कमरपट्ट्याच्या आत, पायाच्या घोट्याजवळ अथवा हातातील पिशवीत, इतरांच्या दृष्टीस पडणार नाही अशा रीतीने जवळ बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरणे, यास प्रच्छन्न शस्त्रवहन असे म्हणतात. शस्त्र इतरांना दिसेल अशा प्रकारे बाळगल्यास ते प्रकट शस्त्रवहन होय. सामान्य नागरिकांनी आत्मसंरक्षणार्थ भरलेले शस्त्र नित्य जवळ बाळगण्याची प्रथा मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) आढळते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार अग्निशस्त्र बाळगणे हा शासनाच्या अनुज्ञेचा विषय आहे, अ. सं. सं. मध्ये मात्र तो संविधानाने मान्य केलेला हक्क समजला जातो. त्यामुळे हा हक्क कोणत्या जागेपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न तेथे वारंवार न्यायालयांपुढे आला आहे. शाळा, न्यायालये व मतदानकेंद्रे यांच्याप्रमाणेच रुग्णालये हेही या वादाचे एक महत्त्वाचे स्थान आहे. येथे विधिविषयक बाजूबरोबरच शस्त्र व वैद्यकीय उपचार यांच्या प्रत्यक्ष स्वरूपातील विसंगतीचाही विचार करावा लागतो.

इतिहास : अ. सं. सं.च्या संविधानातील दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. तीत शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा उल्लेख आहे. तथापि एकोणिसाव्या शतकात शस्त्र लपवून बाळगण्याकडे समाज व विधिमंडळे संशयाने पाहत असत. उघड शस्त्र धारण करणारा मनुष्य सरळ मार्गाचा आणि ते लपविणारा घातकी, अशी तेव्हाची धारणा होती. केंटकी व लुइझिॲना या राज्यांनी १८१३ मध्ये लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घालणारे कायदे केले. केंटकीचा कायदा तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये रद्द ठरविला. तरी इतर अनेक राज्यांनी पुढे असेच कायदे केले व बहुतेक न्यायालयांनी ते वैध मानले. न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये ‘सलिव्हन कायदा’ संमत करून लपविता येण्याजोग्या लहान शस्त्रांसाठी परवाना आवश्यक केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही धारणा पालटली. गुन्हेगारीची भीती व शस्त्रधारकांच्या संघटनांचे प्रयत्न यांमुळे ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास परवाना दिलाच पाहिजे, असे तत्त्व पुढे आले. फ्लॉरिडा राज्याचा १९८७ चा कायदा या बाबतीत अनेक राज्यांना आदर्श वाटला. २०१३ मध्ये इलिनॉयने कायदा केल्यानंतर सर्व पन्नास राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात प्रच्छन्न शस्त्रवहनास मुभा मिळाली. व्हर्माँटमध्ये अशा परवान्याची अट कधीच नव्हती. अलास्काने २००३ मध्ये व ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची सक्ती काढून टाकली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी त्यांचे अनुकरण केले. २०२४ च्या अखेरीस अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. या बदलाचा एक परिणाम असा की, परवान्याबरोबर येणारे सक्तीचे प्रशिक्षणही या राज्यांत ऐच्छिक बनले.

वैधानिक स्थिती : ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात (२००८) अ. सं. सं.च्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणार्थ घरात शस्त्र ठेवण्याचा हक्क व्यक्तिगत असल्याचे मान्य केले. मात्र शाळा, सरकारी इमारती यांसारख्या ‘संवेदनशील स्थळी’ शस्त्रबंदी करण्यास त्या निर्णयाने बाध येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. ‘न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रूएन’ या खटल्यात (२०२२) हा हक्क घराबाहेरही आहे असे ठरले. कोणतेही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक शस्त्रनियमन-परंपरेशी सुसंगत असले पाहिजेत, अशी कसोटीही या निर्णयाने घालून दिली.

रुग्णालयांच्या बाबतीत ही कसोटी अडचणीची ठरली आहे. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया रुग्णालय १७५१ मध्ये स्थापन झाले असले, तरी संविधानकाळात रुग्णालये फार थोडी होती. सधन लोक घरीच उपचार घेत. ईथरच्या साहाय्याने रुग्णास बेशुद्ध करून केलेल्या शस्त्रक्रियेचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक बॉस्टनमध्ये १८४६ साली झाले. म्हणजे बेशुद्ध रुग्ण, अतिदक्षता विभाग व प्रबळ चुंबकीय यंत्रे असलेले आजचे रुग्णालय संविधानकर्त्यांच्या पाहण्यात नव्हते. साहजिकच अपील न्यायालयांची मते भिन्न पडली. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यातील, मानसिक आरोग्यविषयक उपचारकेंद्रांतील शस्त्रबंदी दुसऱ्या मंडल अपील न्यायालयाने उचलून धरली. उलट, कॅलिफोर्नियाने केलेल्या रुग्णालयांतील सरसकट बंदीच्या अंमलबजावणीस दिलेली प्राथमिक स्थगिती नवव्या मंडल अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम ठेवली. मात्र हा वाद शासनाने घातलेल्या बंदीपुरता आहे. खाजगी रुग्णालयास आपल्या मालकीच्या जागेत शस्त्र आणू न देण्याचा जो अधिकार आहे, त्यास त्यामुळे बाध येत नाही.

राज्याराज्यांतील तरतुदींतही मोठी विविधता आहे. इलिनॉयच्या २०१३ च्या कायद्याने रुग्णालयांत परवानाधारकांनाही शस्त्र नेण्यास मनाई केली. टेक्ससमध्ये जागेच्या मालकास मनाईचा फलक लावता येतो. त्यावरील मजकूर कायद्याने ठरवून दिलेला असून तो इंग्लिश व स्पॅनिश या दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. कॅनझसच्या २०१३ च्या कायद्यानुसार सार्वजनिक इमारतीत पुरेशी सुरक्षाव्यवस्था नसल्यास शस्त्रबंदी करता येत नव्हती. सार्वजनिक रुग्णालयांना दिलेली तात्पुरती सूट जुलै २०१७ मध्ये संपणार होती. परंतु प्रवेशद्वारांवर धातुशोधक यंत्रे व पहारेकरी ठेवण्याचा खर्च पाहून विधिमंडळाने त्याच वर्षी ती सूट कायम केली. माजी सैनिकांसाठीच्या संघराज्य शासनाच्या रुग्णालयांत शस्त्र आणण्यास संघराज्याच्या नियमांनुसार बंदी आहे. सेवेतील व निवृत्त पात्र पोलिसांना २००४ च्या संघराज्य कायद्याने देशभर प्रच्छन्न शस्त्रवहनाची मुभा दिली आहे. मात्र खाजगी जागामालकांच्या मनाईस राज्याच्या कायद्याने दिलेला आधार त्या कायद्याने काढून घेतलेला नाही.

सुरक्षित वहनाची तत्त्वे : आधुनिक पिस्तुलात काडतुसे मॅगझीनमध्ये असतात व त्यांपैकी एक नळीच्या मागील कोठीत सरकविले जाते. चाप ओढल्यावर आघातकील काडतुसाच्या बुडावर आदळते आणि बार उडतो. शस्त्र खाली पडले तरी बार उडू नये म्हणून बहुतेक आधुनिक पिस्तुलांत आघातकिलेस रोखणारा अंतर्गत अडसर असतो. काहींना बाहेरून हाताने लावावयाचा सुरक्षा-खटकाही असतो. अनेक प्रचलित पिस्तुलांना मात्र असा बाह्य खटका नसतो. त्यामुळे चापास अनवधानाने स्पर्श होऊ न देणे हीच सुरक्षिततेची मुख्य अट ठरते.

या अटीची पूर्तता प्रामुख्याने होल्स्टर म्हणजे शस्त्राचे म्यान करते. योग्य होल्स्टर ताठ कातड्याचे किंवा प्लास्टिकचे असते. ते चाप व त्याभोवतीचे कडे पूर्णपणे झाकते, चालताना, वाकताना वा बसताना शस्त्र घट्ट धरून ठेवते आणि शस्त्र काढले तरी त्याचे तोंड मिटत नाही. होल्स्टरविना खिशात किंवा कमरेला खोचलेले पिस्तूल धोक्याचे असते, कारण कपड्याची घडी, दोरी अथवा किल्ली चापात अडकू शकते. हातपिशवीतील शस्त्राबाबत आणखी एक धोका संभवतो; पिशवी क्षणभर बाजूला ठेवली, की शस्त्र धारकाच्या ताब्यातून जाते व लहान मुलाच्या हाती लागू शकते.

शस्त्रशिक्षणात सर्वत्र सांगितले जाणारे नियम साधे आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानावे. जे नष्ट करावयाचे नाही त्याच्या दिशेने नळी रोखू नये. नेम धरण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि लक्ष्य व त्याच्या पलीकडे काय आहे हे जाणून घ्यावे. प्रच्छन्न शस्त्रवहनात यांत एका नियमाची भर पडते. एकदा होल्स्टरमध्ये ठेवलेल्या शस्त्रास दिवसभर हात लावू नये. म्यानात स्थिर असलेल्या शस्त्राचा बार आपोआप उडणे अत्यंत दुर्मिळ असते. अपघात होतात ते शस्त्र काढताना, ठेवताना, रिकामे करताना वा दुसऱ्याच्या हाती देताना. थोडक्यात, शस्त्र एकाच शुद्धीवरील व्यक्तीच्या ताब्यात असावे आणि त्यास कोणी हाताळू नये, या दोन गृहीतांवर सुरक्षित वहन आधारलेले आहे.

रुग्णालयातील विशेष धोके : रुग्णालयात नेमकी हीच दोन गृहीते मोडतात. तपासणीसाठी रुग्णास कपडे उतरवावे लागतात, त्यामुळे कमरपट्ट्यासह होल्स्टरही शरीरापासून दूर होते. शस्त्रक्रियेपूर्वी त्यास बेशुद्ध केले जाते. गुंगी आणणाऱ्या औषधांनी त्याचा तोल व विवेक मंदावतो. अपघातग्रस्त रुग्ण तर बेशुद्धावस्थेतच येतो आणि त्याचे कपडे कात्रीने कापून काढताना परिचारिकेस शस्त्र सापडते. शुद्धीवर येणारा, गोंधळलेला रुग्ण शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीस हल्लेखोर समजण्याची शक्यता असते. शस्त्रांची माहिती नसलेल्या कर्मचाऱ्याने मॅगझीन काढून पिस्तूल रिकामे झाले असे समजणे ही नेहमीची चूक होय. कारण कोठीतील एक काडतूस तसेच राहते आणि तेवढे बार उडण्यास पुरेसे असते. रुग्णालयातील भिंती पातळ असून त्यांच्या पलीकडे हलता न येणारे रुग्ण असतात, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाची (एम्आर्आय) खोली हे यांपैकी सर्वांत धोक्याचे स्थान आहे. या यंत्रातील अतिसंवाहक चुंबकाचे क्षेत्र सामान्यतः १·५ किंवा ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कित्येक हजार पट प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कायम असते. पश्चिम न्यूयॉर्कमधील एका तपासणीकेंद्रात घडलेली व २००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कामावर नसलेला एक पोलीस अधिकारी तपासणीसाठी आला होता. त्याच्याजवळ ०·४५ इंच व्यासाच्या गोळीचे पिस्तूल होते व ते त्याने तंत्रज्ञास सांगितलेही होते. परंतु सूचनांचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला. खोलीतील कपाटावर पिस्तूल ठेवीत असताना ते त्याच्या हातातून हिसकले जाऊन यंत्रावर आदळले आणि बार उडून गोळी भिंतीत घुसली. सुरक्षा-खटका लावलेला होता. चुंबकाच्या ओढीने आतील अडसर सरकून आघाताने आघातकील पुढे गेली असावी, असे स्पष्टीकरण देण्यात आले. त्या प्रसंगी कोणास इजा झाली नाही. परंतु ब्राझीलमधील साओ पाउलो येथे जानेवारी २०२३ मध्ये आईच्या तपासणीसाठी सोबत आलेल्या एका व्यक्तीच्या कमरेचे पिस्तूल चुंबकाने ओढले. गोळी पोटात लागली व पुढील महिन्यात त्या व्यक्तीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये अ. सं. सं.च्या विस्कॉन्सिन राज्यात लपविलेल्या पिस्तुलाचा बार उडून एक महिला रुग्ण जखमी झाली. तपासणीपूर्वीच्या प्रश्नांना तिने शस्त्र नसल्याचे उत्तर दिले होते. शस्त्र हाताळण्यातील वाकबगारपणा अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही. जे शस्त्र प्रकट असताना सहज बाजूला ठेवता आले असते, ते लपविलेले असल्यामुळे अपघात घडतो.

रुग्णालयांतील गोळीबार : जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकांनी २०००–११ या काळातील घटनांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत अ. सं. सं.तील १४८ रुग्णालयांशी संबंधित १५४ घटना आढळल्या. त्यांत २३५ व्यक्ती मृत वा जखमी झाल्या होत्या. सुमारे ५९ टक्के घटना इमारतीच्या आत व उर्वरित आवारात घडल्या. तातडीचा विभाग, वाहनतळ व रुग्णांच्या खोल्या ही त्यांतील प्रमुख स्थाने होती. विशिष्ट व्यक्तीविषयीचा आकस, आत्महत्या, आजारी नातलगाचा ‘दयेपोटी’ अंत करणे व कैद्यांचे पलायन ही मुख्य कारणे होती. म्हणजे बहुसंख्य घटनांचे मूळ रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचलेल्या व्यक्तिगत दुःखात वा वैरात होते. तातडीच्या विभागातील २३ टक्के घटनांत वापरलेले शस्त्र हे सुरक्षारक्षकाकडून हिसकावून घेतलेले होते. प्रशिक्षित रक्षकाजवळचे शस्त्रही गर्दीच्या जागी सुरक्षित राहतेच असे नाही, हे या आकड्यावरून दिसून येते.

वादविषय : प्रच्छन्न शस्त्रवहनाचे समर्थक असे म्हणतात की, बंदीचा फलक कायदा पाळणाऱ्यास निःशस्त्र करतो, हल्लेखोरास नव्हे. पेनसिल्व्हेनियातील डार्बी येथे जुलै २०१४ मध्ये एका रुग्णाने रुग्णालयाच्या आवारातील कार्यालयात समाजसेविकेस ठार केले. तेव्हा तेथील मनोविकारतज्ज्ञाने स्वतःजवळच्या पिस्तुलाने प्रत्युत्तर देऊन त्यास जखमी केले. रुग्णालयाचा नियम शस्त्रबंदीचा होता. तरीही या शस्त्रामुळे आणखी जीव वाचले, असे पोलिसांनी म्हटले होते. रात्री उशिरा वाहनतळाकडे एकट्याने जाणाऱ्या परिचारिकेस वाटणारी असुरक्षितताही हे समर्थक दाखवून देतात.

विरोधकांच्या मते, असे प्रसंग अपवादात्मक असून शस्त्रांची संख्या वाढल्यास अपघात, आत्महत्या व हिसकाहिसकी यांची शक्यता प्रत्येक दिवशी वाढते. अ. सं. सं.तील अग्निशस्त्रांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. असाध्य रोगाचे निदान झालेला रुग्ण वा नुकताच आप्त गमावलेला नातलग यांच्याजवळ भरलेले शस्त्र असणे या दृष्टीने चिंतेचे ठरते. शिवाय शिकागोतील एका रुग्णालयात नोव्हेंबर २०१८ मध्ये एक डॉक्टर, एक औषधनिर्माण क्षेत्रातील कर्मचारी व एक पोलीस यांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराजवळ प्रच्छन्न शस्त्रवहनाचा परवाना होता. ही घटना दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारी आहे. कारण परवाना हे सद्वर्तनाचे कायमचे प्रमाणपत्र ठरले नाही आणि कायद्यातील बंदीनेही हल्ला थांबविला नाही.

प्रतिबंधक व्यवस्था : १९८६ च्या संघराज्य कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येक व्यक्तीची वैद्यकीय तपासणी करणे रुग्णालयांस बंधनकारक आहे. म्हणून शस्त्रधारकास केवळ दारातून परत पाठविणे हा तेथे पुरेसा उपाय ठरत नाही. अनेक रुग्णालये प्रवेशद्वारी फलक व धातुशोधक यंत्रे बसवितात. शस्त्र आढळल्यास ते कर्मचाऱ्याने स्वतः रिकामे करण्याचा प्रयत्न करू नये, खोलीतील इतरांना दूर करून सुरक्षारक्षकास बोलवावे, शक्यतो शस्त्र होल्स्टरसहच उचलावे आणि त्याची नोंद करून ते कुलूपबंद पेटीत ठेवावे, अशी पद्धत शिफारसयोग्य मानली जाते. चुंबकीय तपासणीपूर्वी प्रश्नावलीवर विसंबून न राहता रुग्णास खिसे नसलेले कपडे देणे व सोबतच्या नातलगांचीही तपासणी करणे आवश्यक ठरते. ‘शस्त्र आहे काय?’ हा प्रश्न दोष देण्याच्या सुरात न विचारता, दागिने वा श्रवणयंत्र यांच्याबाबत विचारावे तसा विचारल्यास खरे उत्तर मिळण्याचा संभव वाढतो.

शस्त्रधारकाच्या दृष्टीने निर्णयाची योग्य वेळ घरून निघण्यापूर्वीची होय. पूर्वनियोजित तपासणीस जाताना शस्त्र घरीच तिजोरीत ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. वाहनात ते मोकळे ठेवणे धोक्याचे असते, कारण वाहनांतून शस्त्रे मोठ्या प्रमाणावर चोरीस जातात. तसे करावेच लागल्यास वाहनाच्या सांगाड्यास पोलादी तारेने जखडलेली कुलूपबंद पेटी वापरावी व शस्त्र वाहनतळावर न हाताळता आधीच तीत ठेवावे. अकस्मात रुग्णालयात जाण्याची वेळ आल्यास शस्त्रास हात न लावता प्रथम भेटणाऱ्या कर्मचाऱ्यास शब्दांनी त्याची कल्पना द्यावी.

शस्त्र बाळगण्याचा हक्क कोठवर असावा, याविषयी अ. सं. सं.तील मतभेद मिटलेले नाहीत. परंतु प्रच्छन्न शस्त्राची सुरक्षितता ते बाळगणाऱ्याच्या जागृत नियंत्रणावर अवलंबून असते आणि रुग्णालयात मनुष्य ते नियंत्रण इतरांच्या हाती सोपविण्यासाठीच येतो. त्यामुळे तेथे शस्त्राची माहिती लपून राहणे, हाच शस्त्राइतका मोठा धोका ठरतो.